विकण्याआधीच पूर्ण फी घेतलेला एजंट: दादाच्या घराचा प्रकरण अभ्यास

दादाचं घर विकायला काढलं तेव्हापासून पक्की ऑफर हातात येईपर्यंत २० आठवडे गेले, आणि त्यातले १३ आठवडे ज्या एजंटकडे गेले त्याला त्याची सगळी फी पहिल्याच दिवशी मिळालेली होती. मी हे सगळं जवळून बघितलंय, कागद मी वाचले, शेवटचे ईमेलही मीच लिहिले, म्हणून पहिल्यापासून नीट लिहून ठेवतेय. एजंटचं नाव देणार नाही आणि रकमाही देत नाही, कारण घरांचे भाव जागेप्रमाणे बदलतात. त्याऐवजी घराची बाजारातली खरी किंमत १०० धरते आणि बाकीचे आकडे त्याच हिशोबात सांगते, म्हणजे कुणालाही स्वतःचं घर त्यात बसवून बघता येईल.

सुरुवात कशी झाली

दादाची बदली झाली होती, नव्या ठिकाणी घर घेऊन झालं होतं आणि दोन्हीकडचे हप्ते एकदमच चालू होते. घाई होती, पण पडेल त्या भावाला देऊन टाकावं इतकी नव्हती. त्याने तीन एजंटना घरी बोलावलं. पहिल्याने सगळं घर फिरून बघितलं, बेडरूमच्या कोपऱ्यातल्या ओलीवर हात लावून बघितला, आसपास वर्षभरात विकली गेलेली चार घरं कितीला गेली ते सांगितलं आणि म्हणाला १००, ताणलंच तर १०२. कमिशन २ टक्के, तेही व्यवहार पूर्ण झाल्यावर, नाही विकलं तर एक पैसाही नाही. दुसऱ्याचंही जवळपास हेच.

तिसरा आला तो टॅबलेट घेऊन. त्यावर रंगीत ग्राफ, किती लोकांनी कुठल्या पोर्टलवर काय सर्च केलं वगैरे, आणि भाव सांगितला ११२. ओलीबद्दल एक शब्द नाही. फी ०.७, म्हणजे बाकीच्यांच्या कमिशनच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी, पण सगळी आधी द्यायची आणि परत न मिळणारी. त्यातही आज सही केली तर थोडी सूट, उद्या ती सूट नाही.

दादाने मनात हिशोब केला तो साधा होता, २ च्या जागी ०.७ जाणार आणि वर भाव १२ जास्त येणार. वहिनीने तेव्हाच विचारलं होतं की समजा विकलंच नाही तर? त्यावर तो म्हणाला, "मॅडम, विकलं जाणारच, आमच्याकडे पार्ट्या तयार आहेत." आता पार्ट्या खरंच तयार असतील तर पैसे विकल्यावर घ्यायला त्याला अडचण काय होती, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच सुचला नाही. मी दोघांनाही दोष देत नाही, समोरचा माणूस दीड तास बसून गोड बोलतोय, चहा घेतोय, घराचं कौतुक करतोय, तेव्हा असे प्रश्न सुचत नाहीत, ते रात्री झोपताना सुचतात आणि तोवर सही झालेली असते.

कागदावर काय लिहिलं होतं

अ‍ॅग्रीमेंट माझ्या हातात आलं ते नवव्या आठवड्यात. सात पानं होती, आणि सगळा मामला पाचव्या पानावरच्या एका वाक्यात होता: "सदर शुल्क हे जाहिरात व प्रसिद्धीपोटी असून मालमत्तेची विक्री होवो अथवा न होवो, ते कोणत्याही परिस्थितीत परत केले जाणार नाही." मी ते वाक्य दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, अगं मला वाटलं मी घर विकायचे पैसे दिलेत.

माझ्या मते या प्रकरणाची मेख इथेच आहे. दादा समजत होता की त्याने "विक्री" विकत घेतली, स्वस्तात. कागदाप्रमाणे त्याने "जाहिरात" विकत घेतली होती. फोटो काढले, पोर्टलवर टाकले, की एजंटचं काम कागदाप्रमाणे पूर्ण झालं, मग तिसऱ्या दिवशीच का होईना.

त्याच पानावर पुढे १६ आठवड्यांचा एक्सक्लुझिव्ह क्लॉज होता, तेवढ्या काळात दुसऱ्या कुठल्याही एजंटला घर द्यायचं नाही. कमिशनवर काम करणारे एजंटही असा क्लॉज घालतात, आणि त्यांच्या बाजूने त्यात थोडा अर्थ आहे, कारण ते स्वतःचा खर्च करून मेहनत घेतात आणि ऐन वेळी दुसरा कुणी येऊन सौदा करून गेला तर त्यांच्या हाताला काही लागत नाही. पण ज्याला सगळे पैसे आधीच मिळालेत त्याला कसलं संरक्षण हवंय? त्याच्या हातात तो क्लॉज म्हणजे नुसतं कुलूप. फोटोंची मालकी एजन्सीची असंही लिहिलेलं होतं. आणि काय नव्हतं तर किती वेळा घर दाखवणार, चौकशीचा फोन आला तर किती वेळात परत करणार, आठवड्याला रिपोर्ट देणार का, यातलं काहीच नव्हतं, सातही पानांत.

अजून एक पर्याय दादाला दिला होता, "आत्ता भरू नका, नंतर भरा". तो त्याने घेतला नाही हे नशीब, कारण मी ते कलम वाचलं. नंतर म्हणजे विकल्यानंतर नाही, ठरावीक महिन्यांनी, घर विकलेलं असो वा नसो, आणि मधल्या काळासाठी ते चक्क एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. शिवाय तो पर्याय घेतला तर व्यवहाराचं कायदेशीर काम त्यांनीच नेमलेल्या वकिलाकडून करून घ्यायचं, नाहीतर फी लगेच भरायची. "नंतर भरा" हे ऐकून कुणालाही वाटेल की विकल्यावर भरायचं, आणि तसं वाटावं अशाच पद्धतीने ते सांगितलं जातं.

ते १३ आठवडे

पहिल्या आठवड्यात फोटोग्राफर आला तो संध्याकाळी, उजेड गेल्यावर. हॉलचा फोटो खिडकीकडे तोंड करून काढला त्यामुळे खिडकी पांढरी फक्क आणि खोली काळोखी, बाल्कनीत वाळत घातलेली निळी चादर तशीच फोटोत. पोर्टलवर पहिला फोटो कुठला तर बाथरूमचा. वहिनीने फोन करून सांगितलं की निदान क्रम तरी बदला, तो बदलायला ११ दिवस लागले. घर शोधणारा माणूस पहिला फोटो बघून पुढे जायचं की थांबायचं ते ठरवतो, आणि लिस्टिंग नवीन असतं ते पहिले दोनेक आठवडेच, तेव्हाच सगळ्यात जास्त लोक बघतात. ते दोन आठवडे बाथरूमने खाल्ले.

पहिल्या तीन आठवड्यांत ९ चौकश्या आल्या, ५ जण बघायला आले. चार वेळा घर दादा-वहिनीनेच दाखवलं, एजंट एकदाच आला आणि त्याला घराचं क्षेत्रफळ विचारलं तर फोनमध्ये शोधावं लागलं. ऑफर एकही नाही, कारण ११२ ला त्याच भागात अजून एक खोली जास्त असलेलं घर मिळत होतं. त्यानंतर शांतता. दादाने मेसेज केला की उत्तर यायचं, "सर रिस्पॉन्स छान आहे, थोडा पेशन्स ठेवा." पाचव्या आठवड्यात त्याचाच फोन, भाव १०६ करू. अकराव्या आठवड्यात १००. म्हणजे पहिल्या एजंटने ओल बघून पहिल्या दिवशी जो आकडा सांगितला होता तिथेच येऊन थांबलो, फक्त मध्ये अडीच महिन्यांचे दोन्हीकडचे हप्ते गेले. आणि दोनदा भाव उतरलेलं, तीन महिने पडून असलेलं घर बघून खरेदीदार पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे या घरात काहीतरी गडबड आहे का.

दहाव्या आठवड्यात एजंटने "प्रीमियम पॅकेज" सुचवलं, लिस्टिंग वर दिसेल, नवीन फोटो, अजून ०.३ भरा. दादा जवळजवळ भरणार होता. त्याचं म्हणणं, एवढे घातलेत तर अजून थोडे घालून बघू, नाहीतर आधीचेही फुकट जातील. इथे मी भांडले त्याच्याशी, अगदी आवाज चढवून. दिलेले पैसे परत येणार नाहीत हे कागदावर लिहिलेलं आहे, पुढचा निर्णय घेताना ते गेलेच असं धरायचं, विचार फक्त इतकाच करायचा की हे नवीन ०.३ भरून हा माणूस काय वेगळं करणार आहे. आगाऊ फीचा हा त्रास लोक मोजतच नाहीत, ती फी तुम्हाला चुकीच्या माणसाकडे बांधून ठेवते. कमिशनवाला एजंट काम करत नसेल तर आपण मुदत संपली की चालू पडतो, कारण आपलं काही अडकलेलं नसतं.

असं का होतं

एजंट वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. तो फसवाही नव्हता, फोटो काढले, पोर्टलवर टाकले, बोलला तेवढं कागदाप्रमाणे केलं. प्रश्न त्याला पुढचं काम करायचं कारण काय उरलं होतं हा आहे. त्याच्याकडे महिन्याला नवीन किती घरं येतात त्यावर त्याचं उत्पन्न ठरतं, जुनी किती विकली जातात त्यावर नाही. मग तो वेळ कुठे घालवणार? नवीन सही मिळवायला. आणि सही मिळवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बाकीच्यांपेक्षा जास्त भाव सांगणं, कारण तो भाव नाहीच आला तर त्याचं काही जात नाही. ११२ हा आकडा घराच्या किमतीचा अंदाज नव्हताच, दादाची सही मिळवायला तो आकडा सांगितला होता.

कमिशनवाल्यांचं सगळं उत्तम असतं असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २ टक्के कमिशन असेल तर भाव १ ने वाढला की मालकाला ०.९८ मिळतात आणि एजंटला फक्त ०.०२, त्यामुळे जास्त भावासाठी अजून महिनाभर थांबण्यात त्याला रस नसतो, तो म्हणतो आलेली ऑफर घेऊन टाका. लेव्हिट आणि सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या आसपासच्या जवळपास १ लाख घरविक्रींचा अभ्यास केला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण ९.५ दिवस जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त भाव मिळवतात. म्हणजे कमिशनवाला एजंट तुम्हाला लवकर विकायला लावेल. पण विकायला लावेल तरी, घर पडून राहिलं तर त्याचंही नुकसान आहे. आगाऊ फी घेतलेल्याला दोन्हीचं काही नाही, ना भावाचं ना वेळेचं.

ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. पर्पलब्रिक्स नावाची ऑनलाइन एजन्सी ठरावीक फी घ्यायची, घर विकलं जावो न जावो ती द्यायचीच. कमिशन वाचतं म्हणून हजारो लोकांनी तिच्यामार्फत घरं विकायला काढली, डिसेंबर २०१५ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आली, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत गेली, २०१९ मध्ये दोन्हीकडून बाहेर पडायची घोषणा केली आणि २०२३ मध्ये अख्खा धंदा स्ट्राइक या प्रतिस्पर्धी कंपनीला नाममात्र १ पाउंडाला विकला गेला. त्याआधी इमूव्ह नावाची तसलीच दुसरी कंपनी डिसेंबर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ही आगाऊ फीची अजून एक बाजू, एजन्सीच बुडाली तर भरलेले पैसे मागायला तुम्ही इतर देणेकऱ्यांच्या रांगेत मागे उभे. कमिशन द्यायचं बाकी असेल तर एजन्सी बुडण्याची काळजी तुम्हाला नाही.

तरीपण आधी पैसे देणं नेहमीच चुकीचं असतं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात मालकांनी स्वतः घर विकायची एक वेबसाइट होती, तिथे लिस्टिंगची छोटी ठरावीक फी असायची. तिथली विक्री आणि एजंटमार्फतची विक्री यांची तुलना २००९ साली अमेरिकेतल्या मोठ्या अर्थशास्त्रीय नियतकालिकात आली, आणि भावात एजंटवाल्यांना वरचढपणा दिसला नाही, वेळ मात्र एजंटमार्फत कमी लागला. पण तिथे मालकाला पहिल्यापासून माहीत होतं की आपण फक्त जाहिरातीची जागा विकत घेतोय, बाकी फोन उचलणं, घर दाखवणं, घासाघीस, सगळं आपल्यालाच करायचंय. ज्याला हे जमतं आणि वेळ आहे त्याने जाहिरातीचे पैसे द्यावेत आणि जाहिरातच घ्यावी. दादाचं नुकसान झालं ते त्याने जाहिरातीचे पैसे दिले आणि एजंटची वाट बघत बसला म्हणून.

सुटका कशी करून घेतली

मी फोनवर भांडायचं नाही असं ठरवलं, सगळं ईमेलवर. पहिल्या ईमेलमध्ये फक्त माहिती मागितली: किती चौकश्या आल्या, कुठल्या तारखेला, प्रत्येकीला उत्तर कधी दिलं, घर बघून गेलेल्यांचं म्हणणं काय पडलं. रागाचा एक शब्द नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं त्यात १४ चौकश्या होत्या आणि त्यातल्या ६ ना कुणी फोनच केलेला नव्हता. हे त्यांनीच लिहून दिलं होतं. मग दुसरा ईमेल, की तुमच्याच माहितीप्रमाणे ६ चौकश्या वाया गेल्या, फी तुम्ही प्रसिद्धीपोटी घेतली आणि प्रसिद्धीतून आलेले लोकच सोडून दिले, तर फी परत करा आणि एक्सक्लुझिव्ह क्लॉजमधून मोकळं करा.

फी परत मिळाली नाही. पण तीन आठवडे आधी लेखी सोडलं, फ्लोअर प्लॅन आणि सगळे फोटो वापरायची परवानगी दिली (फोटोंचा उपयोग नव्हता, प्लॅनचा झाला), आणि ज्यांना ज्यांना त्यांनी घर दाखवलं त्यांची यादी दिली. ही यादी मी मुद्दाम मागितली होती. उद्या त्यातलाच कुणी नव्या एजंटमार्फत आला तर दोघेही म्हणतात पार्टी माझी, आणि मालक दोनदा पैसे देतो, तसं होऊ नये म्हणून. एजंट बदलताना ही यादी आणि "आमचं काही येणं नाही" असा एका ओळीचा ईमेल, दोन्ही घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, पहिला एजंट कितीही चांगला असला तरी.

मग दादा त्या पहिल्या, ओलीवर हात लावणाऱ्या एजंटकडे गेला. त्याने दोन आठवडे लिस्टिंग पूर्ण बंद ठेवायला सांगितलं, तेवढ्यात ओलीचं काम आणि एका भिंतीला रंग करून घेतला, सकाळच्या उजेडात नवीन फोटो काढले आणि ९९ ला लावलं. पाचव्या आठवड्यात ऑफर आली, घासाघीस होऊन ९८ ला ठरलं. कमिशन १.९६, आधीचे ०.७ गेले ते गेलेच, म्हणजे हातात ९५.३४, आणि त्यातून मधल्या महिन्यांचे जुन्या घराचे हप्ते वजा करायचे ते वेगळेच. ज्या १.३ च्या बचतीसाठी सगळं केलं त्याच्या दुप्पट तर नुसते हप्तेच झाले होते.

आता कुणी मला विचारलं तर मी काय सांगते

एजंट आगाऊ पैसे मागत असेल तर आधी विचारायचं की हे पैसे नक्की कशाचे. फोटो, पोर्टलचा खर्च, कागदपत्रं, असा खरोखर बाहेर जाणारा खर्च असेल तर तेवढा वेगळा लिहून द्या म्हणायचं, तेवढा आधी द्यायला हरकत नाही, आणि तो शेवटच्या कमिशनमधून वजा होईल असंही लिहून घ्यायचं. बाकीची रक्कम व्यवहार पूर्ण झाल्यावर. इथे "पूर्ण" म्हणजे काय तेही बघा, काही अ‍ॅग्रीमेंटमध्ये खरेदीदार नुसता "आणून दिला" तरी फी लागू होते, मग सौदा पुढे मोडला तरी. या वाटणीला जो एजंट अजिबात तयार होत नाही त्याला आपलं घर विकलं जाईल याची स्वतःलाच खात्री नाही, असं मी समजते.

भाव जो सगळ्यात जास्त सांगतो त्याला विचारायचं की आसपास इतक्यात कुठली घरं या भावाला गेली, पत्ते सांगा. मागितलेला भाव नाही, विकला गेलेला. दादाच्या तिसऱ्या एजंटकडे एकही उदाहरण नव्हतं हे मागाहून कळलं. एक्सक्लुझिव्ह मुदत कमीत कमी ठेवायची, आणि आधी पैसे देणार असाल तर तो क्लॉजच काढायला लावायचा. घर कोण दाखवणार ते लिहून घ्यायचं. आणि आजच सही करा, उद्या सूट नाही, असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी सही करायचीच नाही, कागद ठेवून जा म्हणायचं आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यायचा.

अनोळखी माणूस स्वतःहून फोन करून म्हणाला की तुमच्या मालमत्तेला माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे, फक्त रजिस्ट्रेशन किंवा व्हॅल्युएशनची फी आधी भरा, तर ती गोष्टच वेगळी, ती सरळ फसवणूक समजायची. अमेरिकेत टाइमशेअर (सुट्टीच्या घरात दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा विकत घेतलेला हक्क) विकायला निघालेल्या लोकांना याच पद्धतीने गंडवतात आणि तिथली फेडरल ट्रेड कमिशन ही ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था त्याबद्दल सावध करत असते. तिथे अ‍ॅग्रीमेंट वाचत बसायचंच नाही, फोन ठेवायचा.

व्यवहार पूर्ण झाला त्या दिवशी नव्या एजंटने बिल दिलं, दादाने तिथेच बसून पैसे ट्रान्सफर केले. वहिनी मला म्हणाली, इतकी मोठी रक्कम देताना पहिल्यांदाच जिवाला काही वाटलं नाही बघ. त्यानंतर दोन आठवड्यांनी सहज म्हणून मी बघितलं तर एका छोट्या पोर्टलवर जुन्या एजंटची लिस्टिंग अजून चालूच होती, भाव १०६, पहिला फोटो बाथरूमचा. नवीन मालकांना फोन येत होते. ती काढून घ्यायला अजून दोन ईमेल लिहावे लागले.